सेगुलाबाईच्या शेवया

पनवेलच्या इस्राएल आळीच्या तोंडाशी तेलाचा एक घाणा होता. घाणा बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तरी लोक त्या घराला घाणाच म्हणत. त्या घराच्या मागच्या पडवीत वेणू राहायची. वेणू चिरनेरची लेक, बेलपाड्याची सून, आणि रांडावल्यावर पनवेलला येऊन राहिलेली. तीन गावचं पाणी प्यालेली बाई, पण बोलणं म्हणाल तर एका गावाला पुरेल एवढंही नाही. सकाळी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बाजारातून फिरायची आणि "मीठ घ्या, मीठ" हे एवढंच दिवसभर पुरवून पुरवून वापरायची.

तिचा नवरा तुळशीराम मिठागरात कामाला होता. एका चैत्रात भर उन्हात मीठ ओढता ओढता उभ्याचा आडवा झाला, तो उठलाच नाही. माणसं धावत सांगायला आली तेव्हा वेणू भाकऱ्या करत होती. तिनं ऐकलं, तव्यावरची भाकरी उलटली, नीट शेकली, उतरवली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि मग उठली. त्या एका भाकरीवर बेलपाड्यात वर्षभर बोलणं झालं. "बाय हाय का धोंडा?" असं तिच्या तोंडावर विचारणारेही निघाले.

वेणूला रडायचं नव्हतं असं नाही. ती आपली वाट बघत होती. दहावा झाला, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं. येणारे जाणारे सगळे रडून गेले, हिचंच तेवढं रडणं यायचं राहिलं. मिठागरात राबणाऱ्यांचे पाय पुढं पुढं असे होतात की तळव्याला मिठाचा खडा रुतला तरी कळत नाही. वेणूचं आतून तसं झालं होतं. जेवण जात होतं, पण चव कळत नव्हती. सण येऊन जायचा, तो शेजारणीच्या घरून ताट आलं की समजायचा. कपाटबिपाट तिच्याकडं नव्हतं. एक ट्रंक, दोन भांडी, आणि कोपऱ्यात तोंडाला फडकं बांधलेलं एक मडकं. त्या मडक्यात तुळशीरामनं शेवटच्या दिवशी ओढलेलं मीठ होतं. ते ती विकत नव्हती आणि खातही नव्हती. का ठेवलंय ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

घाण्याची मालकीण सेगुलाबाई पेणकर, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या इस्राएली तेल्यांच्या घरातली. तीही वेणूसारखीच नवरा गेलेली, पण स्वभाव अगदी उलटा. वेणू दिवसभरात जेवढं बोलायची तेवढं सेगुलाबाई चूल पेटेपर्यंत बोलून मोकळी व्हायची. पहाटे तांब्या घेऊन मागच्या दारी यायची आणि पायरीवर बसून सुरू करायची. पोराची नोकरी, आईचे गुडघे, मासळीवालीची लबाडी. वेणू भाकरी थापता थापता हुं म्हणायची. सेगुलाबाईला तेवढं पुरे होतं, आणि वेणूच्या दिवसात माणसाचा आवाज म्हणून काय तो तेवढाच होता.

सेगुलाबाईच्या ओटीवर एक झाड टांगलेलं असायचं. झाड म्हणायचं आपलं. खोड नाही, पान नाही. कुंडीतून नुसत्या हिरव्यागार शेवया खाली लोंबायच्या, हात दीड हात लांब, जणू कुणी सोऱ्यातून पाडून वाळत घातल्यात. तिचा नवरा माथेरानला एका पारशाच्या बंगल्यावर देखरेखीला होता. लग्नाच्या साली त्यानं तिथल्या टांगत्या कुंडीतली एक काडी खुडली आणि रुमालात गुंडाळून बायकोला आणून दिली. "निवडुंगाची जात आहे, साहेब सांगत होते," म्हणाला. दुसरे नवरे गजरा आणतात, ह्यानं निवडुंग आणला, असं सेगुलाबाई हसून सांगायची. पण नवरा गेला, आणि ते झाड मात्र राहिलं. मग ती ते हसून सांगेनाशी झाली.

त्रेपन्न साली सेगुलाबाईच्या पोरानं ठरवलं, आपल्या लोकांच्या देशात, इस्राएलला जायचं. आळीतली पुष्कळ घरं तेव्हा जात होती. म्हातारी आई आळीतच भावाकडं राहणार होती, घाणाही तोच बघणार होता. भांडीकुंडी वाटून झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं मलिदा केला, भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोबरं, वेलची घालून त्यांच्याकडं देवाला दाखवतात तो. एक वाडगा वेणूला आणून दिला, आणि दुसऱ्या हातात ती कुंडी.

"वेणू, हे तुझ्याकडे ठेव."

"माझ्याकडं? भावाकडं द्या की."

"भावाकडे शेळ्या आहेत. आणि विमानात माती नेऊ देत नाहीत म्हणे. मी चार-पाच वर्षांनी आईला बघायला येणार, तेव्हा मला हे दिसलं पाहिजे. ह्यांच्या हातचं एवढंच उरलंय बघ माझ्याकडे."

वेणूनं कुंडी घेतली. "काय काय करायचं ते सांगा."

"मंगळवारी नि शुक्रवारी पाणी. आधी बोट खुपसून बघायचं, माती ओली लागली तर नाही घालायचं. उन्हात ठेवायचं नाही. आणि शनिवारी हात लावायचा नाही."

"शनवारी का नाय?"

"अगं, शनिवारी मी कशालाच हात लावत नाही. त्याला सवय झालीय."

"आणि खायला?"

"खायला काही नाही."

"काहीच नाय? आख्खा वर्स?"

"नाही ग बाई! झाड आहे ते, जावई नाही."

दुसऱ्या दिवशी एस्टी स्टँडवर सगळी आळी लोटली होती. रडारड चालली होती. सेगुलाबाईनं वेणूच्या गळ्यात हात टाकले आणि हमसून हमसून रडली. वेणू पदर सावरत तशीच उभी. सेगुलाबाईनं डोळे पुसून तिच्याकडं पाहिलं. जरा रागच आला तिला.

"तुला काहीच वाटत नाही का ग?"

वेणूनं खरोखरच शोधून पाहिलं. मग म्हणाली, "वाटत असंल. पण कुठं वाटतंय ते गवसत नाय."

कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी गेली. वेणू घरी आली, पाटी भरली आणि बाजाराला गेली.

पडवीच्या वाशाला कुंडी टांगलेली बघून शेजारची सखूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सखूबाईला आळीतल्या प्रत्येक घरची चिंता. स्वतःच्या घरची सोडून.

"गे वेणू, निवडुंग घरान टांगतंस? निवडुंग बांधावर लावायचा. घरान आणला की भांडणं लागतात."

"माझ्या घरान भांडायला हाय कोण?" वेणू म्हणाली. "आणि याला काटा कुठं हाय?"

"नाय म्हनूनच भ्या वाटतंय. काटा दिसला तर माणूस जपून तरी ऱ्हातो."

पुढं सखूबाईला शनिवारचं कळलं तेव्हा तर तिला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. "बाटलीस काय ग तू? तेलिणीचा शनवार पाळतंस?" वेणू म्हणाली, "मी नाय पाळत. झाड पाळतंय." आणि खरंच ती शनिवारी कुंडीखालून वाकून जायची, चुकून धक्का लागू नये म्हणून. तिचा सोमवार, झाडाचा शनिवार. दोन उपाशी जीव एका पडवीत.

पहिलं वर्ष बरं गेलं. मंगळवारी बोट, शुक्रवारी बोट. वेणूला त्यात सुख वाटत होतं असं म्हणवत नाही. पण मंगळवार आणि शुक्रवार हे दोन वार तिला पुन्हा ओळखू यायला लागले, एवढं खरं. नाहीतर आधी सगळे वार एकाच रंगाचे होते.

दुसऱ्या वर्षी थंडीत झाड थांबलं. नवीन काडी फुटेना. होत्या त्या शेवयांना सुरकुत्या पडल्या, घाण्यातल्या म्हाताऱ्या बैलाच्या मानेसारख्या. वेणूनं पाणी वाढवलं तर बुडाशी पिवळं दिसायला लागलं. पाणी कुठलं, तर पडवीमागच्या विहिरीचं, खाडीच्या अंगाचं, मचूळ. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती स्वतः रोज तेच पाणी प्यायची.

ती विचार करायला लागली. खायला काही नाही म्हणे! असं कुठं असतं? उपाशी पोटी कोण किती दिवस तग धरील? आमच्याकडं माडाला काय घालतात? मीठ. पावसाच्या तोंडाला प्रत्येक माडाच्या आळ्यात मीठ पडतंच पडतं, त्याशिवाय नारळ धरत नाही, हे बेलपाड्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग ह्यालाही मीठच पाहिजे असणार. बिचाऱ्या सेगुलाबाईला काय माहीत, तेलाच्या घरातली बाई.

पाटीतलं मीठ तिनं हातात घेतलं आणि परत टाकलं. ते विकायचं, भरड. दुसऱ्याची ठेव आपल्याकडं, तिला बाजारचं कशाला? ती कोपऱ्यातल्या मडक्याकडं गेली, इतक्या वर्षांनी फडकं सोडलं, आणि तुळशीरामच्या हातच्या मिठाची एक मूठ भरून कुंडीत घातली. वर तांब्याभर पाणी ओतलं. फडकं पुन्हा बांधलं. हात लुगड्याला पुसले. तेव्हाही आत काही हललं नाही.

आठ दिवसांत शेवया मऊ पडल्या. पंधरा दिवसांत भिजून फुगलेल्या शेवयांसारख्या हाताला यायला लागल्या. एकेक सांधा सुटून पडवीत पडायचा, वेणू सकाळी केर काढताना गोळा करायची आणि एका सुपात ठेवायची. टाकवत नव्हत्या.

नेमका त्याच आठवड्यात काशिराम पोस्टमन निळं पत्र घेऊन आला. काशिराम आळीतल्या सगळ्या अडाणी बायकांचे डोळे आणि हात होता. पत्र वाचायचा, उत्तर लिहायचा, वर सल्ला द्यायचा. पत्रात सेगुलाबाईनं थंडीचं लिहिलं होतं, पावाचं लिहिलं होतं, इथं कुणी मागच्या दारी येऊन बसत नाही असं लिहिलं होतं. आणि शेवटी: "माझ्या शेवया कशा आहेत? आता तर तीळभर पांढरी फुलं येऊन साबुदाण्यासारखी फळं धरली असतील. मी डोळे मिटले की ओटीवर त्या दिसतात."

काशिरामनं चष्म्यावरून कुंडीकडं पाहिलं, सुपाकडं पाहिलं. "काय लिहू वेणूबाई?"

"लिवा. झाड बरं हाय."

"बरं हाय?"

"तुमी पोस्टमन हाव का वैद्य? बरं हाय लिवा."

काशिरामनं लिहिलं. जाताना नुसतं म्हणाला, "पत्र पोचायला तीन आठवडे लागतात. खोटं असलं तरी तेवढ्यात खरं करायला वेळ हाय."

खोटं बोलून वेणूला पाप वाटलं का? तेही नाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पाटी भरली नाही. कुंडी फडक्यात गुंडाळली, सूप वरून बांधलं आणि एस्टीत बसली. कंडक्टर वाकून बघतो तर मांडीवर सगळा पसारा.

"काय मावशी, लग्नाला निघाल्या? शेवया एवढ्या हिरव्या?"

"आजारी हायत."

"मग अर्धं तिकीट द्यायचं का?"

गाडीतली माणसं हसली. वेणू हसली नाही, रागावलीही नाही. शेवटच्या थांब्यावर उतरली आणि चिरनेरपर्यंत कुंडी काखेला मारून चालत गेली, लेकरू घेतल्यासारखी.

तिचा थोरला भाऊ बुधाजी रानाच्या कडेला राहायचा. मध, हिरडा, लाकूडफाटा, सगळं रानातलंच. त्यानं कुंडी घेतली, माती चिमटीत धरून जिभेला लावली आणि थुंकला.

"गे बाय, ह्यान काय घातलंस?"

"मीठ."

"मीठ! कालवणान घातलंस का झाडान?"

"माडाला घालतात ना."

"माडाचे पाय समुद्रान असतात. ह्याचे पाय कुठं असतात ते बग." त्यानं तिला हाताला धरून मागच्या ऐनाच्या झाडाखाली नेलं. वर फांदीच्या बेचक्यात हिरव्या पात्यांचा झुबका चिकटला होता. आमरी म्हणतात ती. "दिसली? खाली उतरत नाय ती. तुझं झाड हिच्याच वळणाचं हाय. वरच बसतंय. वाऱ्यावर आलेली धूळ, कुजका पाला, पावसाचं चार थेंब. ह्याला माती नको, खत नको. तू त्याला चिखलान बसवलंस, खारं पानी पाजलंस, वर मीठ."

"ती म्हनली होती, खायला काय नको. मला खरं वाटलं नाय."

"आपल्याला कवा खरं वाटतंय," बुधाजी म्हणाला.

मुळं सगळी काळी पडली होती. बुधाजीनं ती कापून टाकली. सुपातल्या काड्या एकेक दाबून पाहिल्या. चाळीसातल्या तीन कडक निघाल्या. त्या तीन त्यानं कोनाड्यात ठेवून दिल्या. वेणू लगेच लावायला निघाली होती, त्यानं हात धरला.

"दोन दिस सुकू दे. जखम ओली असताना लावली तर कुजतंय. वर खपली धरू दे."

दोन दिवस वेणू माहेरी राहिली. वहिनी भाकऱ्या करायची, ही कोनाड्यासमोर बसायची. तिसऱ्या दिवशी बुधाजीनं नारळाचं एक जाड सोडण, म्हणजे वरचं साल घेतलं, त्यात काथ्या, कुजका पाला आणि कोळशाचे तुकडे भरले, तिन्ही काड्या टोकाएवढ्याच खुपसल्या आणि सुतळीनं बांधून तिच्या हातात दिलं. "सकाळचं कवळं ऊन चालंल, दुपारचं नको. विहिरीचं पानी बंद. पागोळीचं धर, नाय तर तळ्याचं गोड आन. सुकलं की बुचकळायचं, निथळायचं, टांगायचं. आणि थंडीन थांबलं तर थांबू दे. तेवा ते झोपतंय."

"शनवारी?"

बुधाजीनं डोकं खाजवलं. "शनवारचं मला ठाव नाय. पाळत असंल तर पाळू दे."

तेव्हापासून वेणू वडाळे तळ्यावरून एक कळशी जास्तीची आणायला लागली. सखूबाई म्हणायची, "स्वतः मचूळ पिते आणि बांडगुळाला गोड पानी पाजते." वेणू कळशी आत नेऊन ठेवायची. एक काडी पहिल्याच महिन्यात गेली. उरल्या दोन. चार महिने त्या नुसत्या होत्या, जगल्याही नाहीत आणि मेल्याही नाहीत. वेणूला ते समजत होतं. तशानंही दिवस जातात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मग एका सकाळी टोकाला शिताएवढा हिरवा ठिपका दिसला. वेणूनं पाहिलं, पाटी उचलली आणि बाजाराला गेली. पण बाजारात त्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइणीला आपण होऊन सांगितलं, "फुटलंय." गिऱ्हाईण म्हणाली, "काय फुटलं, मडकं?" वेणूनं मीठ मोजून दिलं आणि पुढं गेली.

निळी पत्रं येत राहिली. काशिराम न विचारता लिहायचा, "झाड बरं आहे." एकदा मान वर करून म्हणाला, "आता खरं झालं बघा."

"अजून नाय," वेणू म्हणाली. "तिनं दिलं तेवढं नाय झालं."

मीठ घातल्याचं मात्र कुठल्याच पत्रात गेलं नाही.

एकोणसाठ साली माघात सेगुलाबाई आली. आईचे शेवटचे दिवस आले होते. अंगानं भरलेली, केस पांढरे, वर लोकरीचं जाकीट. आल्या दिवशी आईजवळ बसली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तांब्या घेऊन मागच्या दारी हजर, जशी कालच गेली होती.

वेणू भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. सेगुलाबाईची नजर सरळ वाशाकडं गेली.

तिथं तिनं दिलेली कुंडी नव्हती. नारळाचं सोडण होतं, आणि त्यातून पंधरा-वीस शेवया, वीतभर लांबीच्या. टोकांना तिळाएवढी पांढरी फुलं आलेली. सेगुलाबाईनं तांब्या पायरीवर ठेवला.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"तुमचंच हाय."

"माझं एवढं होतं, वेणू." तिनं हातानं लांबी दाखवली. "पत्रात तर तू..."

"पत्र खोटं होतं. पयलं तरी." वेणूनं तव्यावरची भाकरी उतरवून ठेवली, शेकायची राहिली तरी. "मी मारलं होतं. याला मीठ घातलं."

"काय घातलंस?"

"मीठ. मूठभर."

सेगुलाबाईनं आ वासला. मग तिच्या पोटातून हसू आलं ते थांबेना. "मीठ! अगं बाई, मीठ! शेवयांना!" ती पायरीवर बसून मांडीवर थापा मारून हसायला लागली. भिंतीपलीकडून सखूबाईनं डोकं वर काढलं. सेगुलाबाई हसता हसताच म्हणाली, "मी म्हणाले होते ना, खायला काही देऊ नकोस म्हणून?"

"म्हनला होता. पण मला वाटलं उपाशी हाय. म्हनून चांगलं दिलं. पाटीतलं नाय दिलं." वेणूनं कोपऱ्याकडं मान केली. "ह्यांच्या हातचं दिलं."

सेगुलाबाईला ते मडकं ठाऊक होतं. ती हसायची थांबली. तव्याखाली लाकूड नुसतंच जळत होतं.

"चिरनेरला नेलं, दादानं तीन काड्या राखल्या," वेणू म्हणाली. "एक गेली. उरल्या दोघींचं हे एवढं झालं. शनवार पाळलेत. सगळे."

सेगुलाबाई उठली. सोडणाखाली उभी राहून तिनं एक शेवई बोटावर घेतली, सोडली. "मला यातली एक काडी हवी, वेणू. तिथे नेते. माती नको ना हिला? मग विमानातही चालेल." तिनं जाकिटाच्या खिशातून रुमाल काढला. "पण तू खूड. मला नाही खुडवत."

वेणूनं हात पिठाचे होते ते पुसले. सांध्याजवळ चिमूट धरली. झाडाला इतकी वर्षं तिनं बुचकळलं होतं, टांगलं होतं, पण खुडलं कधी नव्हतं. सांधा सुटताना अगदी बारीक आवाज झाला, वाळला पापड मोडतो तसा. वेणू दचकली. काडी तशीच हातात धरून उभी राहिली.

"काय झालं ग?"

"दुखलं."

"बोटाला?"

वेणूनं बोट पाहिलं. बोटाला काही नव्हतं. काटा तर त्या झाडाला नव्हताच.

"नाय, बोटाला नाय," ती म्हणाली. "पण दुखलं."

सेगुलाबाईनं तिच्या हातातून काडी घेतली आणि रुमालात ठेवली, न गुंडाळता, उघडीच. "दोन दिवस सुकू द्यायची ना आधी?"

"हां. मंग लावा," वेणू म्हणाली आणि परत चुलीपुढं बसली. भाकरी एका बाजूनं कच्ची राहिली होती. तिनं ती पुन्हा तव्यावर टाकली.